० ते ३ वर्षांच्या मुलांसाठी गृहभेटी: सेविकेने घरात नेमकं काय करायचं, आणि दर आठवड्याला जाणं जमत नसेल तर काय?

प्रश्न: बीट_पर्यवेक्षिका

नमस्कार. ग्रामीण बालविकास प्रकल्पातल्या एका बीटसाठी, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटासाठी, विचारते आहे. बीटमध्ये २२ अंगणवाड्या आहेत, बहुतेक गावं ७०० ते ८०० वस्तीची. ० ते ३ वर्षांच्या मुलांसाठीचा केंद्राचा ‘नवचेतना’ आराखडा आला आहे, अंगणवाडी सेविकांचं ‘पोषण भी पढाई भी’ हे प्रशिक्षणही झालं आहे. ३ ते ६ वर्षांच्या मुलांचं शिक्षण कसं चालवायचं हे सेविकांना ठाऊक आहे, पण ० ते ३ म्हटलं की गाडी अडते. सध्या गृहभेट म्हणजे टीएचआर (घरी न्यायचा शिधा) मिळाला का, लस झाली का, वजन किती, आणि निघता निघता “बाळाशी बोलत जा, खेळत जा.” आई मान हलवते, संपलं.

मला हे हवं आहे:

१. भेटीत काय करायचं, कोणत्या क्रमाने? आराखड्याच्या महिनावार कॅलेंडरमध्ये कृती दिल्या आहेत, पण त्या आईपर्यंत पोहोचवायच्या कशा?
२. दर आठवड्याला प्रत्येक घरी जाणं एका सेविकेला शक्य नाही. महिन्यातून एकदा गेलं तर चालेल का?
३. खेळणी जवळपास फुकटात करायची आहेत. सुरक्षित कशी करायची?
४. फरक पडला हे कसं कळणार? पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर भेट झाली एवढंच दिसतं.

ज्यांनी असे कार्यक्रम बसवले आहेत त्यांनी कृपया तपशिलात लिहावं.

---

उत्तर: गृहभेट_प्रशिक्षक

ताई, ज्या कार्यक्रमावर जगभरच्या गृहभेटी उभ्या आहेत, तो आधी पाहू. १९८६-८७ मध्ये जमैकाच्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिन्यांची, उंची खुंटलेली १२९ मुलं घेतली आणि त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला १ किलो दुधाचा पूरक आहार, दुसऱ्याला दर आठवड्याला तासाभराची खेळ-संवादाची गृहभेट, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. भेटी देणाऱ्या बायका डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नव्हत्या, तिथल्या आरोग्य खात्याच्या आशाताईंसारख्या कार्यकर्त्या होत्या.

दोन वर्षांनी आहाराचा आणि भेटींचा, दोन्हींचा मुलांच्या विकासावर फायदा दिसला. पुढे आहाराचा बुद्धीवरचा परिणाम ओसरला, भेटींचा टिकला. मुलं २२ वर्षांची झाली तेव्हा भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. म्हणून आहार बंद करा असं कोणी म्हणत नाही. पोटाला मिळालं की बाकीचं आपोआप होतं, ही समजूत मात्र या अभ्यासाने मोडली.

आता मुख्य गोष्ट. त्या तासात काम आईने आणि बाळाने एकमेकांबरोबर करायचं असतं. सेविका तिथे असते ती ते घडवून आणायला. खेळणं, कॅलेंडर, चित्र ही साधनं झाली. सेविका स्वतः बाळाशी अर्धा तास छान खेळली आणि आई चुलीपाशी बसून हसत बघत राहिली, तर ती भेट वाया गेली, कारण उरलेले सहा दिवस सेविका त्या घरात नसते.

क्रम असा ठेवा (४५ मिनिटं धरली आहेत):

पहिली ५ मिनिटं: विचारपूस. बाळ कसं आहे, आजारी होतं का, आईची तब्येत कशी. वजन, टीएचआर, लस हे इथेच उरका किंवा अगदी शेवटी घ्या. मध्ये घुसवलं की भेटीची चौकशी होते आणि आई सावरून बसते.

पुढची १० मिनिटं: मागच्या वेळी दिलेली कृती. “केली का?” असं विचारू नका, उत्तर “हो” असंच येतं. “बाळ आता ते कसं करतं, दाखवता का?” म्हणा. आईने बाळाला पुढ्यात घेऊन वाटीखाली चेंडू लपवला की दोन मिनिटांत कळतं, आठवडाभर काय झालं ते. केली नसेल तर तिथेच एकदा करून घ्यायची. रागावायचं नाही.

मधली २० मिनिटं: नव्या दोन कृती, जास्त नाहीत. सेविकेने एकदा बाळाबरोबर करून दाखवायची, एक-दीड मिनिट. मग वस्तू आईच्या हातात द्यायची आणि आपण मागे सरकायचं, खरोखर हातभर मागे. आई करत असताना तिच्या हातून वस्तू परत घ्यायची नाही. आई चुकली तर “असं नाही” म्हणू नका. तिने जे बरोबर केलं ते नेमकं सांगा: “तुम्ही थांबलात ना, म्हणून त्याने स्वतः झाकण उचललं.” नुसतं “छान” म्हटलं तर आईला कळत नाही की पुन्हा काय करायचं.

शेवटची १० मिनिटं: ही कृती रोजच्या कामात कुठे बसवायची ते आईने ठरवायचं. आंघोळ घालताना अंगाची नावं घेणं, भाकरी थापताना बाळाला पिठाचा गोळा देणं, कपडे घडी घालताना मोठा सदरा-लहान सदरा. वेगळा वेळ काढा म्हटलं की होत नाही. आईने “भाकरी करताना करीन” असं स्वतःच्या तोंडाने म्हटलं की निघायचं. जुनं खेळणं परत घ्यायचं, नवं ठेवायचं.

कृती निवडताना वयाचा महिना बघून थांबू नका. कॅलेंडरवर १४ वा महिना आहे आणि बाळ अजून वस्तू डब्यात टाकत नाही, तर आधी डब्यातून काढणं, मग टाकणं, मग झाकण. सारखं हरणारं मूल खेळणं फेकून देतं आणि आई म्हणते “याला येतच नाही.” उलट फार सोपं दिलं तर मूल दोन मिनिटांत उठतं. पहिल्या प्रयत्नात अर्धं जमेल एवढंच अवघड हवं. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजा. आठवड्यांच्या हिशेबात दोन महिने आधी आलेलं बाळ कागदावर १० महिन्यांचं असलं तरी कृती ८ महिन्यांच्या घ्यायच्या.

---

उत्तर: आकडेमोड

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर. महिन्यातून एकदा पुरत नाही, आणि हे तपासून झालेलं आहे. जमैकातच आठवड्याला, पंधरवड्याला आणि महिन्याला अशा वेगवेगळ्या अंतराच्या भेटी दिल्या गेल्या, निष्कर्ष १९८९ मध्ये आले. आठवड्याच्या भेटींचा फायदा स्पष्ट होता, पंधरवड्याचा थोडा, महिन्याच्या भेटींचा दिसलाच नाही. आईच्या हाताला सवय लागायच्या आत मध्ये फार दिवस जातात. म्हणून आशाताईंच्या एचबीवायसीच्या, म्हणजे लहान बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याच्या कार्यक्रमाच्या भेटी (३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याला) तपासणीला आणि सल्ल्याला उत्तम आहेत, पण सराव करून घ्यायचं काम त्या पाच भेटींत भागत नाही.

आता तुमचा हिशेब. ८०० वस्ती, जन्मदर हजारी १५ धरला तर वर्षाला १२ बाळं. ६ ते २४ महिन्यांची साधारण १८ मुलं. एका घरी ४५ मिनिटं आणि जाण्या-येण्याची १५ म्हणजे आठवड्याला १८ तास. अंगणवाडी, रजिस्टर, मोबाइलवरची नोंद सांभाळून हे होणार नाही. कागदावर होईल.

मग गट करा. ओडिशात १९२ गावांत हाच प्रश्न तपासला गेला: काही गावांत दर आठवड्याला गृहभेट, काही गावांत आयांचा साप्ताहिक गट, काही गावांत फक्त आहाराचं शिक्षण. दोन वर्षांनी गटातल्या मुलांचा विकास गृहभेटीच्या मुलांइतकाच सुधारला होता, आणि गटाचा खर्च कितीतरी कमी होता. आपल्याकडच्या माणूसबळाला हाच धागा धरण्यासारखा आहे.

१८ मुलांचे तीन गट: ६ ते ११, १२ ते १७, १८ ते २३ महिने. प्रत्येकात साधारण सहा आया. प्रत्येक गट आठवड्यातून एकदा, एक तास. झाले तीन तास. शिवाय फक्त तीन-चार घरी साप्ताहिक भेट: ज्याचं वजन कमी आहे, जे वेळेआधी जन्मलं, किंवा ज्याची आई गटाला येत नाही. सगळं मिळून सात तासांच्या आसपास. हे चालवता येतं. सहा महिन्यांखालच्या बाळांसाठी आशाताईंच्या भेटी आणि खाली सांगतो तो लसीकरणाचा दिवस धरा.

गटाला सहापेक्षा जास्त आया बसवू नका, आठ म्हणजे अगदी शेवट. दहा झाल्या की सेविका सगळ्यांना मिळून करून दाखवते, दोन चुणचुणीत आया बोलतात, बाकीच्या मुलाला मांडीवर घेऊन गप्प बसतात. गटाचा मेळावा झाला की सराव गेला. प्रत्येक मुलापुढे स्वतंत्र खेळणं हवं, एक खेळणं फिरवायचं नाही. मोठ्या भावंडांसाठी मदतनीसताईंनी बाजूला काहीतरी मांडावं, नाहीतर तीच खेळतात. आणि वेळ आयांना विचारून ठरवा. पेरणी-काढणीच्या दिवसांत सकाळी ११ ला कोणी येणार नाही, संध्याकाळी ५ ला येतील.

लसीकरणाच्या दिवसाचं असं: लस दिल्यावर आईला अर्धा तास थांबवतातच. कॅरिबियन बेटांवर, जमैका, अँटिग्वा आणि सेंट लुसियात, ३ ते १८ महिन्यांच्या नेहमीच्या पाच दवाखाना-भेटींत थांबलेल्या आयांना छोट्या फिल्म दाखवून, मग चर्चा आणि सराव करून घेतला. त्यातूनही मुलांच्या बौद्धिक विकासात फायदा मिळाला. आपल्या सत्रात फिल्मसुद्धा लागत नाही. एक चटई, दोन खेळणी आणि एकच कृती बस झाली. मात्र रडणाऱ्या बाळाला आधी पाजू द्या, शांत झालं की मग सुरू करा.

---

उत्तर: खेळणीपेटी

खेळण्यांबद्दल थोडक्यात, पण सुरक्षेचं नीट वाचा.

पुठ्ठ्याचा ४ सेंमी व्यासाचा नळा करून प्रत्येक अंगणवाडीत ठेवा. खेळण्यांच्या सुरक्षा मानकातली नळी सुमारे ३.२ सेंमीची असते, आपण जरा जास्तच काळजी घेऊ. जी वस्तू या नळ्यातून जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सुटी द्यायची नाही. पाण्याच्या बाटलीची झाकणं सगळीकडे वापरतात. ती या नळ्यातून जातात, म्हणजे सुटी झाकणं बाद. मणी, बटणं, चिंचोकेही बाद. दोरी एका वितीपेक्षा लांब नको, गळ्याभोवती अडकते.

खुळखुळा: २०० मिलीची पारदर्शक बाटली आतून पूर्ण वाळवून दोन चमचे तांदूळ. ओल राहिली तर आठवड्यात बुरशी दिसते. शेंगदाणे, हरभरे, राजमा घालू नका. बाटली फुटून दाणा श्वासनलिकेत गेला तर तिथे फुगतो. झाकणाच्या आट्यांत एम-सील भरून घट्ट फिरवा, एक दिवस वाळू द्या, मग मोठ्या माणसाने पूर्ण जोर लावून उघडायचा प्रयत्न करायचा. उघडली तर नाकारा.

ठोकळे: सुताराकडच्या लाकडाच्या तुकड्यांतून ४ सेंमीचे, प्रत्येक मुलामागे दहा. कडा पॉलिश पेपरने घासा. रंग लावू नका, बाजारातल्या साध्या रंगात शिसं असू शकतं आणि मूल ठोकळा चावणारच.

चित्रपुस्तक: पुठ्ठ्याची सहा-आठ पानं, पानावर एकच चित्र, गावात दिसणारं. गाय, कोंबडी, घागर, एसटी, चप्पल. एका पानावर बारा फळं छापलेला तक्ता या वयाला उपयोगाचा नाही, बाळाचं बोट कशावर आहे ते आईला कळत नाही.

बाहुली कापडाची, डोळे दोऱ्याने शिवलेले. कोडं आधी दोन तुकड्यांचं, जमलं की तीन-चारचं. डब्याच्या झाकणाला ठोकळा जाईल एवढं भोक पाडा, की टाकायचा डबा तयार. कापलेली कड चिकटपट्टीने बंद करा.

खेळणी घरोघर फिरतात म्हणून परत आलेलं प्रत्येक साबणाने धुऊन उन्हात वाळवायचं, कापडी बाहुलीसुद्धा. आणि आईला पहिल्याच दिवशी सांगा की खेळणं मोडलं तर चालेल, आपण दुसरं करू. हे सांगितलं नाही तर खेळणं ट्रंकेत जातं आणि भेटीच्या दिवशी बाहेर निघतं.

---

बीट_पर्यवेक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. गटाचा हिशेब पटला. दोन अडचणी राहिल्या. पहिली: कित्येक घरांत दिवसभर बाळ आजीकडे असतं, आई मजुरीला. काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परत येतात. दुसरी: काही आया गटात येतात, पण गप्प असतात, बाळाकडेही फारसं बघत नाहीत. सेविका म्हणतात “तिला आवड नाही.” असं असतं का?

---

उत्तर: माता_मन

दुसरी अडचण आधी, कारण ती तातडीची आहे. “आवड नाही” असं लिहून सोडू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. अशा आईला आणखी कृती शिकवल्या तर तिला आपण नापास झालो असंच वाटतं.

सेविकेने एकांतात दोनच गोष्टी विचाराव्यात: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश राहतं का? पूर्वी ज्यात बरं वाटायचं त्यात आता काहीच रस उरला नाही का? सासूसमोर, नवऱ्यासमोर विचारू नका. एकाचं जरी उत्तर “बहुतेक दिवस” असं आलं तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, सेविकेने तो स्वतः लावून द्यावा, चिठ्ठी देऊन सोडू नये. जीव नकोसा झाल्याचं बोलली तर त्या दिवशी तिला एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

याच्या उपचाराचा कार्यक्रमही आहे. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात तिथल्या लेडी हेल्थ वर्करनी दिलेल्या समुपदेशनाने आयांचं नैराश्य बरंच कमी झालं आणि त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ‘थिंकिंग हेल्दी’ची पुस्तिका काढली. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने हेच काम वस्तीतल्या साध्या बायकांकडून करवून पाहिलं. तुमच्या जिल्ह्यात हे प्रशिक्षण मागून घेण्यासारखं आहे.

आता आजी. दिवसा बाळ जिच्याकडे असतं तिलाच गटाला बोलवा, आईसाठी संध्याकाळची किंवा सुट्टीच्या दिवसाची भेट ठेवा. आजीला “तुमच्या वेळचं चुकीचं होतं” असं कधीही ऐकू येऊ नये. तिची बडबडगीतं, मालिश करताना बोलणं, अंगणात चिमण्या दाखवणं हे सगळं आपल्याला हवंच आहे, तिथून सुरू करा. एकच गोष्ट ठामपणे सांगायची: बाळाला जेवू घालताना मोबाइल नको. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये असं जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस सांगते. मोबाइल काढून घेताना हाताला दुसरं काही द्या. आजीच्या ताटाशेजारी बाळाची छोटी वाटी, त्यात मऊ शिजवलेल्या बटाट्याच्या फोडी, आणि बाळाने स्वतःच्या हाताने उचलून खाणं. सांडेल, सांडू दे.

ऊसतोडीच्या कुटुंबांना निघण्याआधी दोन आठवडे गाठा. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आहे का बघा, पुढच्या लसींच्या तारखा सांगा, पाच कृती आई-वडील दोघांकडून करवून घ्या, त्याही उसाच्या फडात मिळणाऱ्या वस्तूंच्या: ताटली, पाण्याचा तांब्या, चोथा नव्हे तर धुतलेलं जाड कांडं. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करा, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत टीएचआर मिळायला अडचण कमी येते. दोन आठवड्यांतून एकदा व्हॉट्सअॅपवर तीस सेकंदांचा आवाजाचा निरोप पाठवा, व्हिडिओ नको, तिथे नेट नीट चालत नाही.

---

उत्तर: आकडेमोड

चौथा प्रश्न राहिला. बाळांचा विकास मोजणाऱ्या बेलीसारख्या चाचण्या किंवा बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी बसवलेली डीएएसआयआय ही चाचणी, ही प्रशिक्षित मानसतज्ज्ञांची कामं आहेत. सेविकेकडून चाचणी घेऊन गुण भरायला सांगितलं की सगळी मुलं एका महिन्यात हुशार होतात.

तुम्ही दोनच गोष्टी करा. पहिली, घरात काय घडतं ते मोजा: गेल्या तीन दिवसांत घरातल्या कोणी मोठ्या माणसाने बाळाला गोष्ट सांगितली का, चित्रपुस्तक दाखवलं का, गाणं म्हटलं का, बाहेर फिरवलं का, त्याच्याशी खेळलं का, वस्तूंची नावं किंवा मोजणी केली का. सहा प्रश्न, सहा गुण. कोणी केलं तेही लिहा, वडील त्यात किती वेळा येतात हे बघण्यासारखं असतं. हे सेविकेने स्वतःच्या गावात विचारायचं नाही, शेजारच्या गावच्या सेविकेने विचारायचं. सुरुवातीला, सहा महिन्यांनी, वर्षाने.

दुसरी, २२ पैकी ११ अंगणवाड्या चिठ्ठ्या टाकून आधी सुरू करा, उरलेल्या सहा महिन्यांनी. चांगल्या सेविकांची गावं निवडून आधी सुरू केलीत तर फरक कार्यक्रमाचा की सेविकेचा, हे कधीच कळणार नाही.

धोक्याच्या खुणा मात्र प्रत्येक सेविकेला पाठ हव्यात: नऊ महिने उलटून गेले तरी आधाराशिवाय बसत नाही, १८ महिने झाले तरी चालत नाही, आवाजाला वळत नाही, आणि कुठल्याही वयात आधी येत असलेली गोष्ट येईनाशी झाली. यातलं काही दिसलं तर “होईल हळूहळू” न म्हणता आरबीएसकेच्या (मुलांच्या आरोग्य तपासणीच्या) पथकाकडे आणि तिथून डीईआयसी या जिल्ह्याच्या उपचार केंद्राकडे. गट आणि गृहभेट तोवर चालूच ठेवायची.

---

उत्तर: गृहभेट_प्रशिक्षक

एक धोका सांगून ठेवतो. कोलंबियात हाच जमैकाचा कार्यक्रम स्थानिक आयांमधल्या पुढाऱ्यांकडून साप्ताहिक भेटी देऊन १८ महिने चालवला. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मुलांच्या बौद्धिक विकासात चांगला फायदा होता. भेटी थांबल्यावर दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तर तो फरक उरला नव्हता. त्यामुळे २४ महिन्यांना गट सोडलेलं मूल तीन वर्षांचं होऊन अंगणवाडीच्या वर्गात बसेपर्यंत मधलं वर्ष रिकामं ठेवू नका. त्या मुलांचा निदान पंधरवड्याचा गट ठेवा, आणि ३ ते ६ च्या वर्गात ‘आधारशिला’ या केंद्राच्या अभ्यासक्रमाप्रमाणे रोजचं काम खरंच होतंय ना, हे बघा.

आणि ताई, सगळ्यात जास्त तुमच्यावर अवलंबून आहे. भेटी मोजल्या जातात तेव्हा भेटी वाढतात आणि तास वीस मिनिटांचा होतो. तुम्ही प्रत्येक सेविकेसोबत महिन्यातून एकदा गटाला किंवा घरी बसा. रजिस्टर मागू नका. एका कागदावर एवढंच लिहा:

मागच्या कृतीचं आईकडून करून घेतलं का?
खेळणं आईच्या हातात किती मिनिटं होतं, सेविकेच्या हातात किती?
सेविकेने आईला नेमकी शाबासकी दिली का? तिचे शब्द लिहा.
बाळ ज्या वस्तूकडे वळलं तिकडे आईने लक्ष दिलं का, की बाळाला ठरलेल्या खेळण्याकडे ओढलं?
निघताना आईने स्वतः काय ठरवलं?

नंतर सेविकेशी एकांतात पाच मिनिटं बोला. आधी तिने काय चांगलं केलं ते नेमकं सांगा, मग पुढच्या वेळी बदलायची एकच गोष्ट. सेविकेने आईशी जसं वागावं असं वाटतं, तसंच तुम्ही तिच्याशी वागायचं आहे. २२ अंगणवाड्यांना महिन्याला २२ बैठका लागतात. पहिल्या टप्प्यात ११ च घ्यायच्या त्या यासाठीही.

पल्स पोलिओ, सर्वेक्षण, निवडणुकीचं काम आलं की हे गट आधी बंद पडतात. वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाका की अशा आठवड्यात तीनपैकी ६ ते ११ महिन्यांचा गट कधीच रद्द करायचा नाही, आणि बाकीचे दोन लागोपाठ दोन आठवडे रद्द करायचे नाहीत. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडून हे लेखी घ्या.